दोनशे फुटी कुंडली आणि अडतीस आकडी फायली

अहिल्यानगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात सुमारे २०० फूट लांबीची एक जन्मकुंडली आहे. संग्रहालय १९६० सालचे. तिथे नाणी आहेत, जुनी कागदपत्रे आहेत, चित्रे आहेत. पण संग्रहालयाची ओळख करून देताना या गुंडाळीचा उल्लेख हटकून होतो. आता समजा, एखाद्या ग्रंथालयाने मनावर घेतले, की ही कुंडली नेवाशातल्या किंवा न्यूजर्सीतल्या माणसाला घरबसल्या, मोबाईलवर, अक्षर न् अक्षर वाचता आली पाहिजे. हे काम केवढे?

हिशेब कागदावर मांडता येतो. २०० फूट म्हणजे २,४०० इंच. हस्तलिखिताचे स्कॅनिंग नीट व्हायचे तर एका इंचात निदान ३०० ठिपके हवेत. म्हणजे चित्राची लांबी ७ लाख २० हजार ठिपके. रुंदी आठ इंच धरली तर आडवे ठिपके २,४००. गुणाकार केला की १७२ कोटी ८० लाख. रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात, तेव्हा फाईल पाच जीबीच्या पुढे जाते. आपण रोज वापरतो त्या जेपेग चित्राच्या एका बाजूला ६५,५३५ ठिपक्यांची मर्यादा आहे. त्या मापाने या कुंडलीचे ११ तुकडे पडतात. ग्रंथालयांची आवडती टिफ फाईल घ्यावी, तर तिचा जुना साधा प्रकार ४ जीबीवर थांबतो.

प्रत्यक्षात कुणी एवढे सलग चित्र काढणारही नाही. कॅमेरा वर टांगायचा, खालून गुंडाळी सरकवायची, एका वेळी दोन फूट टिपायचे आणि पुढच्या चित्रात मागचे दोन इंच पुन्हा घ्यायचे, म्हणजे जोड जुळवता येतो. अशी सुमारे ११० चित्रे होतील. कॅमेरा त्यांना स्वतःची नावे देईल: आयएमजी ००४७, आयएमजी ००४८. दुपारी कार्ड बदलले तर आकडे पुन्हा एकपासून सुरू होतील. संध्याकाळी संगणकावर ११० चित्रे असतील, कुंडली मात्र नसेल. कोणत्या चित्रानंतर कोणते, कुठे किती जोड, मोजपट्टी कुठे ठेवली होती, कोणत्या फुटावर कोणते कोष्टक सुरू होते, हे सगळे कुठेतरी लिहून त्या चित्रांशी कायमचे बांधले, तरच ती कुंडली होते.

ग्रंथालयाच्या डिजिटल भांडारापुढचा खरा प्रश्न हाच आहे. एक कादंबरी, एक पीडीएफ, एक फाईल, हे सोपे प्रकरण. पण अनेक फायली आणि त्यांच्यातली नाती मिळून एक वस्तू होते, तेव्हा फायली जपण्यापेक्षा नाती जपणे अवघड जाते. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालात बांधून ठेवलेले असतात. रुमालाची गाठ सुटून कागद इकडचे तिकडे झाले, तर एकही कागद न हरवता प्रकरण हरवते. संगणकातल्या भांडारालाही असाच रुमाल लागतो, आणि तो कसा बांधायचा यावर गेली तीस वर्षे काम चालू आहे. इंटरनेटचे मूळ नियम घडवणाऱ्यांपैकी एक, रॉबर्ट कान, आणि रॉबर्ट विलेन्स्की यांनी १९९५ मध्ये एक आराखडा मांडला. त्यात डिजिटल वस्तू म्हणजे मजकूर, त्याची माहिती आणि जागा बदलली तरी न बदलणारा एक ओळख क्रमांक, अशी कल्पना होती. आजच्या बहुतेक भांडारांचा पाया त्यात सापडतो.

हे तत्त्व नगर (अहिल्यानगर) जिल्ह्यात रोजच्या कामात कुठे भेटते, तर राहुरीला. महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ सालचे. तिथल्या पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या प्रबंधांमागे पीक, माती, पाणी, जनावरे यांवरचे वर्षानुवर्षांचे प्रयोग आहेत. शेतीविषयक प्रबंध वरून जाड पुस्तकासारखा दिसला, तरी आत त्याचे पुष्कळ भाग असतात: प्रयोगाच्या प्लॉटचा आराखडा, आठवड्यागणिक पाऊस आणि तापमानाचे तक्ते, माती परीक्षणाचे आकडे, रोग पडलेल्या पानांचे रंगीत फोटो, शेतकऱ्यांकडून भरून घेतलेली प्रश्नावली, संख्याशास्त्रीय गणितांची फाईल. सॉफ्ट कॉपी मागायची पद्धत आली, तेव्हा अनेक विद्यापीठांत बाइंडिंग केलेल्या प्रबंधाच्या मागच्या पुठ्ठ्याला खिसा करून त्यात सीडी ठेवली जाई. पुस्तक आजही उघडता येते. सीडी चालवणारा संगणक मात्र शोधावा लागतो.

राहुरीचे प्रबंध आज 'कृषिकोश' या राष्ट्रीय भांडारात मिळतात. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या राष्ट्रीय कृषी नवोन्मेष प्रकल्पात 'ई-ग्रंथ' नावाचा उपक्रम होता. त्यातून हे भांडार उभे राहिले. दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था ते सांभाळते आणि देशभरातल्या कृषी विद्यापीठांचे साहित्य त्यात येते. त्याखाली चालणारी प्रणाली आहे डीस्पेस. अमेरिकेतल्या एमआयटीच्या ग्रंथालयाने आणि ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने मिळून ती बनवली आणि नोव्हेंबर २००२ मध्ये सर्वांसाठी खुली केली. फुकट मिळते, बदलता येते, म्हणून भारतातल्या ग्रंथपालांनी ती चटकन उचलली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे डिजिटल भांडारही तिच्यावरच चालते.

डीस्पेसच्या आत एक उतरंड असते. वर विभाग, त्याखाली संग्रह, संग्रहात नोंदी. एक प्रबंध म्हणजे एक नोंद. नोंदीच्या पोटात गठ्ठे असतात आणि गठ्ठ्यांत प्रत्यक्ष फायली. एका गठ्ठ्यात मूळ पीडीएफ, दुसऱ्यात शोधासाठी त्या पीडीएफमधून काढलेला मजकूर, तिसऱ्यात मुखपृष्ठाचे छोटे चित्र, चौथ्यात परवान्याचा कागद. वाचक उघडून वाचतो ते पहिल्या गठ्ठ्यातले. बाकीचे पडद्यामागे राबतात.

सर्व्हरवर मात्र दृश्य वेगळेच असते. डीस्पेस फाईल साठवताना तिचे मूळ नाव बाजूला काढते आणि तिला अडतीस आकडी क्रमांक देते. त्यातले पहिले दोन आकडे म्हणजे एक फोल्डर, पुढचे दोन म्हणजे त्याच्या आतला, त्यापुढचे दोन म्हणजे आणखी आतला. फाईलच्या नावावर प्रबंधाचे नाव नाही, विद्यार्थ्याचे नाही, पीडीएफ की फोटो तेही नाही. कोणता अडतीस आकडी क्रमांक कोणत्या प्रबंधाचा कितवा भाग, ही सगळी वंशावळ वेगळ्या डेटाबेसमध्ये असते. म्हणून 'बॅकअप घेतला आहे' असे कुणी सांगितले, की जाणता ग्रंथपाल लगेच पुढचा प्रश्न विचारतो: फायलींचा की डेटाबेसचा? फायली आहेत आणि डेटाबेस गेला, तर हाती उरतो तो निनावी आकड्यांचा ढीग. डेटाबेस आहे आणि फायली गेल्या, तर उरते नुसती यादी.

यावर एक उपायही डीस्पेसमध्ये आहे. प्रत्येक नोंद तिच्या फायली, वर्णन, क्रम आणि परवानग्या यांसकट एका झिप गठ्ठ्यात बाहेर काढता येते. त्या गठ्ठ्याच्या आत एक नकाशा-फाईल असते, मेट्स नावाची. काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या देखरेखीखालचे हे मानक या वस्तूत काय काय आहे, कशाचा कशाशी काय संबंध, हे साध्या मजकुरात लिहून ठेवते. उद्या डीस्पेस बंद पडले, तरी दुसऱ्या प्रणालीला तो नकाशा वाचून प्रबंध पुन्हा जुळवता येतो.

वस्तूचे तुकडे किती आणि कुठे पाडायचे, यावर एकमत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक केले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे 'शोधगंगा' भांडार भरू लागले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या प्रबंधांबरोबर नगरच्या महाविद्यालयांतले संशोधनही तिथे पोहोचते. शोधगंगेत प्रबंध प्रकरणवार येतो: ०१ शीर्षकपान, मग प्रमाणपत्रे, अनुक्रमणिका, एकेक प्रकरण, संदर्भसूची, परिशिष्टे. तिसरे प्रकरणच हवे असेल, तर तेवढेच उतरवता येते आणि नेट हळू असेल तिथे हा मोठाच फायदा. पण सगळा प्रबंध वाचायचा, तर दहा-बारा फायली एकेक करून उतरवाव्या लागतात, आणि चौथ्या प्रकरणातून परिशिष्टातल्या तक्त्याकडे जाताना वाचकाची दमछाक होते. कृषिकोशात बहुधा सगळे एकाच पीडीएफमध्ये. तिथे उलट एका तक्त्यासाठी अख्खे बाड उतरवावे लागते.

नियतकालिकात ही गुंतागुंत आणखी वाढते. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती मिशनचे मासिक १८४२ मध्ये नगरमध्येच सुरू झाले. हेन्री बॅलन्टाइन त्याचे संपादक होते. पुढे हे मासिक मुंबईला गेले आणि नंतरच्या काळात रेव्हरंड नारायण वामन टिळकांचाही त्याच्याशी निकटचा संबंध आला. असे नियतकालिक भांडारात कसे ठेवायचे? वर्ष, वर्षात अंक, अंकात लेख, आणि लेख तर अर्धे पान इथे, उरलेला पुढच्या अंकात. मराठी मजकुराशेजारी इंग्रजी मजकूर. पाने हा एक क्रम, लेख हा दुसरा. वर्षाचे अंक एकत्र बांधून एकच पीडीएफ केली, की पानांचा क्रम राहतो आणि लेख बुडतात. लेखवार तोडले, की लेख सापडतात, पण अंक कसा दिसत होता, कोणत्या बातमीशेजारी कोणता लेख होता, ते जाते. चांगले भांडार दोन्ही क्रम ठेवते: पानांची चित्रे एकदाच साठवायची आणि त्यांच्यावर दोन वेगळे नकाशे टाकायचे.

याचा धडा देशाने मोठ्या प्रमाणावर गिरवला आहे. २००० नंतरच्या दशकात भारताच्या डिजिटल ग्रंथालय प्रकल्पात लाखो पुस्तके स्कॅन झाली. पण वाचकासमोर पान न् पान वेगळी टिफ फाईल म्हणून यायचे. ती बघायला ब्राउझरमध्ये वेगळा प्लग-इन टाकावा लागे, आणि पुढचे पान पाहायचे तर पुन्हा थांबायचे. शीर्षके रोमन लिपीत मनाला येईल तशी लिहिलेली. पुढे त्यातली पुष्कळ पुस्तके इंटरनेट अर्काइव्हवर गेली, तिथे पानांची सलग पीडीएफ झाली, तेव्हा कुठे ती लोकांच्या वाचण्यात आली. स्कॅनिंग तेच होते, पाने तीच होती. फरक पडला तो वाचकाच्या हाती देण्याच्या पद्धतीत.

मराठी मजकुराची स्वतःची एक अडचण आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी आपल्याकडे डीटीपीचे काम कितीतरी वर्षे जुन्या फाँटांत चालले. त्या फाँटांत पडद्यावर 'क' दिसतो, पण फाईलमध्ये एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते. अशी पीडीएफ डीस्पेसला दिली, की दुसऱ्या गठ्ठ्यात जो मजकूर निघतो तो निरर्थक चिन्हांचा. छापील पान सुबक, शोधाला मात्र शून्य उत्तर.

युनिकोडमध्ये टंकलेले असले, तरी सगळे आलबेल नसते. राहुरीच्या प्रश्नावल्यांत ज्याच्याशिवाय पान हलत नाही तो शब्द घ्या: शेतकऱ्यांना. यातला 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड खाली टिंब असलेला स्वतंत्र 'ऱ' वापरतात. काही साधा 'र', हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द, आणि युनिकोडचे नेहमीचे सारखेपणाचे नियमही त्यांना एक करत नाहीत. शोध यंत्रणेला हे मुद्दाम शिकवले नाही, तर एका पद्धतीने टाइप करणाऱ्याला दुसऱ्या पद्धतीचे प्रबंध कधीच दिसणार नाहीत.

गावांच्या नावांचेही तसेच. १८८४ च्या गॅझेटिअरमध्ये जिल्ह्याचे स्पेलिंग अहमदनगर या उच्चाराला धरून आहे, पुढच्या इंग्रजी कागदपत्रांत ते 'अहमेदनगर' झाले आणि २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. जुन्या प्रबंधांच्या शीर्षकात हात घालता येत नाही. शीर्षक हा पुरावा असतो. म्हणून भांडारात स्थळनामांची वेगळी यादी ठेवतात. त्यात एका जागेला एक क्रमांक आणि त्या क्रमांकाखाली सगळी नावे. वाचकाने कोणतेही नाव टाकले, तरी १८८४ पासून आजपर्यंतचे सगळे हाती यावे, हे त्या यादीचे काम.

आता पुन्हा त्या पाच जीबीच्या गुंडाळीकडे. ती मोबाईलवर पोहोचवायची कशी? ब्रिटिश लायब्ररी, ऑक्सफर्डचे बॉडलियन, स्टॅनफर्ड अशा ग्रंथालयांनी २०११ च्या सुमारास एकत्र येऊन यावर एक सामाईक पद्धत ठरवायला घेतली. तिचे लघुनाव ट्रिपल-आय-एफ. यात सर्व्हर मोठे चित्र पूर्ण पाठवतच नाही. चित्राच्या निम्म्या, पाव, आठव्या हिश्शाच्या आवृत्त्या तयार असतात आणि प्रत्येक आवृत्ती छोट्या चौकोनांत कापलेली असते. वाचक जिथे बोट ठेवून मोठे करतो, तेवढ्याच भागाचे चौकोन येतात. पडद्यावर एका वेळी असे पंधरा-वीस चौकोन मावतात, म्हणजे पाच जीबीपैकी फोनवर उतरतो तो एका साध्या फोटोएवढा डेटा. मागणीही साध्या वेब-पत्त्यातून होते: चित्र कोणते, त्याचा भाग कोणता, आकार किती, किती अंशांत फिरवायचे. शिवाय चित्रांच्या क्रमाची एक जोडफाईल असते. 'ही पाने उलटायची नाहीत, एकापुढे एक सलग चिकटवून दाखवायची' अशी सूचना तिच्यात देता येते. ११० चित्रे मग बोटाखाली एकच गुंडाळी होऊन सरकतात.

या पद्धतीचा दुसरा उपयोग नेवाशाशी जोडलेल्या ग्रंथाला होऊ शकतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला सांगितली गेली असे परंपरा मानते. शके १५०६ मध्ये एकनाथांनी तिची संहिता शुद्ध केली. नऊ हजारांवर ओव्या, अनेक पोथ्या, जागोजागी पाठभेद. पोथ्या वेगवेगळ्या संस्थांच्या ताब्यात, आणि कुणी मूळ प्रत दुसऱ्याला द्यावी अशी अपेक्षाही करता येत नाही. पण दोन संस्थांनी आपापल्या पोथ्या आपापल्या सर्व्हरवर याच पद्धतीने ठेवल्या, तर एकच ओवी दोन्ही पोथ्यांत कशी आहे ते अभ्यासकाला एका पडद्यावर शेजारी शेजारी पाहता येते. प्रतीची प्रत काढावी लागत नाही. त्यासाठी प्रत्येक ओवीला स्वतःचा पत्ता हवा: अध्याय, ओवी, पोथी, पान, आणि पानावरची जागा.

आकड्यांना तर चित्रापेक्षा वेगळी वागणूक लागते. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पुढे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्याआधी, १९४८ मध्ये, गोखले संस्थेने त्यांचा 'इकॉनॉमिक इफेक्ट्स ऑफ इरिगेशन' हा अहवाल प्रसिद्ध केला. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांनी काय फायदा झाला, याची ती पाहणी. अशा अहवालाची पाने स्कॅन केली, की तक्ते वाचता येतात, पण बेरीज करता येत नाही. आजच्या संशोधकाला तेच आकडे आजच्या आकड्यांशेजारी ठेवायचे असतात. म्हणून पानाच्या चित्राबरोबर तक्त्याची आकडेफाईलही ठेवावी, आणि कोणता आकडा कोणत्या पानावरून घेतला ते तिच्यात नोंदवावे.

सगळे सगळ्यांना दाखवायचे असते असेही नाही. प्रबंध खुला असावा हे ठीक. पण त्याच्याबरोबर आलेल्या सर्वेक्षणाच्या फायलीत शेतकऱ्याचे नाव, गाव, गट नंबर, कर्जाची रक्कम असते. डीस्पेसमध्ये परवानगी नोंदीला देता येते तशी एकेका फाईललाही देता येते. त्यामुळे प्रबंध आजच उघडा, मूळ सर्वेक्षण बंद आणि नावे काढलेली प्रत सर्वांसाठी, अशी व्यवस्था एकाच नोंदीत बसते. हे ठरवायची वेळ फाईल जमा होते तेव्हाची. दहा वर्षांनी कोणत्या रकान्यात काय होते, हे सांगायला विद्यार्थी जागेवर नसतो.

आणि साठवलेली फाईल तीच आहे, हे कशावरून? भांडार प्रत्येक फाईल आत घेताना तिच्यावर गणित करून एक ठसा काढून ठेवते. फाईलमधला एक बिट जरी बदलला, तरी ठसा पार वेगळा येतो. ठरावीक काळाने संगणक सगळे ठसे पुन्हा काढतो आणि जुन्यांशी ताडून पाहतो. न जुळणारी फाईल दुसऱ्या ठिकाणच्या चांगल्या प्रतीवरून बदलायची, म्हणून ती दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत, शक्यतो दुसऱ्या गावात लागते.

तालुक्याच्या वाचनालयाकडे सर्व्हर नसतो, डीस्पेस सांभाळणारा माणूस नसतो. असतो एक स्कॅनर आणि एक हार्ड डिस्क. त्यांच्यासाठीही एक पद्धत आहे. बॅगइट नावाचा हा संकेत अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी एकमेकांना फायली पाठवण्यासाठी तयार केला आणि २०१८ मध्ये तो इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत नोंदला गेला. एक फोल्डर करायचा. त्याच्या आत 'डेटा' नावाचा फोल्डर, त्यात सगळी चित्रे क्रमाने नावे देऊन. बाहेर एका साध्या मजकूर-फायलीत प्रत्येक चित्राचे नाव आणि त्याचा ठसा. दुसऱ्या मजकूर-फायलीत ही वस्तू कोणाची, कधी आणि कोणी स्कॅन केली, एकूण किती फायली. ठसे काढणारी साधने फुकट मिळतात आणि हे सगळे पेनड्राइव्हवरही मावते. पुढे एखादे विद्यापीठ ते साहित्य आपल्या भांडारात घ्यायला तयार झाले, तर तिथला ग्रंथपाल आधी ती यादी उघडतो, ठसे जुळतात का ते पाहतो आणि मगच फायली आत घेतो.